टीममध्ये प्रत्येकाची कामाची तऱ्हा वेगळी, मग जमवून घ्यायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पंधरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सात टीम लीड म्हणून. नवीन लीड झालेली मुलं-मुली दर दोन-तीन महिन्यांनी हेच प्रश्न घेऊन येतात आणि मी तीच उत्तरं कधी कॅन्टीनमध्ये तर कधी फोनवर देत असते, म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतेय. उदाहरणं आयटीची आहेत कारण मला तेच जवळून माहितीये, पण बँक, शाळा, दुकान, जिथे चार माणसं मिळून काम करतात तिथे यातलं बरंच लागू पडेल.

कामाची तऱ्हा म्हणजे नक्की काय? तो स्वभावच ना?

दोन्ही वेगळं आहे, आणि हा फरक लक्षात आला की बरीच भांडणं सुरूच होत नाहीत. एकच काम दोघांना द्या. एकजण लगेच लॅपटॉप उघडून करायलाच लागतो, चुकलं तर पुसतो, परत करतो. दुसरा आधी कागद घेतो, चौकोन काढतो, बाण काढतो, दोन तास स्क्रीनला हातही लावत नाही. पहिल्याला वाटतं हा नुसता बसलाय, दुसऱ्याला वाटतं हा अंदाजपंचे काम करतोय. खरं तर दोघंही मन लावून काम करतायत, फक्त सुरुवात वेगळ्या टोकाने होतेय. स्वभाव म्हणजे माणूस प्रेमळ आहे, तापट आहे, भिडस्त आहे वगैरे. कामाची तऱ्हा म्हणजे तो काम कुठून सुरू करतो, त्याला माहिती कधी आणि कशी लागते, अडल्यावर तो कोणाला कधी सांगतो, दिवसाच्या कोणत्या वेळी त्याचं डोकं चालतं. आणि ही तऱ्हा जागेप्रमाणे बदलते पण, घरी लग्नाची यादी महिनाभर आधी करणारा माणूस ऑफिसात सगळं शेवटच्या रात्री करताना मी पाहिलाय.

मग असे किती प्रकारचे लोक असतात?

मी प्रकार मोजतच नाही. त्यापेक्षा काही ताणलेल्या दोऱ्या आहेत असं धरा आणि माणूस प्रत्येक दोरीवर कुठेतरी उभा असतो. बोलता बोलता विचार करणारे आणि विचार पूर्ण झाल्यावरच तोंड उघडणारे. आधी सगळं चित्र हवं असणारे आणि आधी हात घालून बघणारे. एका वेळी एकच काम धरणारे आणि चार शेगड्यांवर चार भांडी ठेवणारे, एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने तर अख्ख्या समाजांचीच अशी तुलना केलीये. मुदतीच्या आठवडाभर आधी संपवणारे आणि शेवटच्या रात्री रंगात येणारे. पहाटेचे आणि रात्रीचे. यातली शेवटची दोरी तर बऱ्यापैकी शरीराचीच आहे, कोण सकाळचा कोण रात्रीचा हे मोजायची प्रश्नावली शास्त्रज्ञांनी १९७६ सालीच केली होती आणि ती आजही वापरतात, त्यामुळे सकाळी नऊला गप्प बसलेल्या मुलाला आळशी ठरवायच्या आधी त्याला दुपारी चारला पण एकदा बघा.

आमच्या कंपनीत स्वभाव ओळखायची ती चार अक्षरांची, चार रंगांची टेस्ट घेतली. त्यावर विश्वास ठेवायचा का?

गप्पा सुरू करायला ठीक आहे, माणसावर शिक्का मारायला अजिबात नाही.

चार अक्षरांची टेस्ट, म्हणजे एमबीटीआय, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी तयार केली. ती टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं, आणि ती विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीवर घेताना निवडीसाठी ही वापरू नका. चार रंगांमागे बऱ्याचदा विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाची १९२८ ची चार वर्तनांची कल्पना असते, त्याने स्वतः टेस्ट बनवलीच नव्हती, ती नंतरच्यांनी बनवली. वंडर वुमन हे कॉमिक्समधलं पात्र पण त्याचंच.

आणि 'अगदी माझंच वर्णन आहे' असं वाटतं ना, त्याचं पण कारण आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तो पण भविष्याच्या पुस्तकातून उचललेला! आपल्याकडे रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य वाचून 'बरोब्बर आहे' म्हणतात तेच हे.

मला राग कशाचा येतो, तर 'ती हिरवी आहे, तिला आकड्यांचं काम नको' असं कोणी म्हणालं की. एका मुलीचं असं खरंच झालेलं मी पाहिलंय, तिला स्वतःला ते काम हवं होतं, कोणी विचारलंच नाही.

'बघतो', 'होईल', 'करून टाकू' याचा नक्की अर्थ काय घ्यायचा?

माझ्या मते आपल्या मराठी टीम्समधला सगळ्यात महागडा गोंधळ हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका प्रोजेक्टला शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला क्लायंटला डेमो होता, त्यांच्याकडे न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. मी गुरुवारी पेमेंट स्क्रीनवाल्या मुलाला विचारलं, 'उद्यापर्यंत होईल ना?' तो म्हणाला, 'होईल मॅम.' मी निश्चिंत. शुक्रवारी पाच चाळीसला मी बिल्ड, म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर, उघडून बघितलं तर स्क्रीन सुरेख, रंग बरोबर, रुपयाचं चिन्ह बरोबर, आणि 'पैसे भरा' हे बटण दाबलं तर काहीच होत नाही. दुसऱ्या टीमकडून एक गोष्ट यायची होती ती बुधवारपासून आलीच नव्हती. तो म्हणाला, 'त्यांच्याकडून आलं असतं तर झालं असतं मॅम.' मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, नको ते बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सोमवारी टपरीवर चहा पिताना त्याने शांतपणे सांगितलं की पहिल्या नोकरीत तो एकदा सरळ 'नाही होणार' म्हणाला होता, तेव्हा सीनियरने सगळ्यांदेखत 'ॲटिट्यूड दाखवू नकोस' म्हणून झापलं, तेव्हापासून तो 'होईल'च म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी 'होईल' हा आदर होता, आणि मी त्याला तारीख समजत होते.

आता त्या शब्दाकडे नीट बघा. 'होईल' मध्ये करणारा माणूसच नाहीये. 'मी करतो' म्हटलं की कोण ते कळतं, 'होईल' म्हटलं की काम पावसासारखं आपोआप येणार. 'बघतो' म्हणजे कोणाचं 'आत्ता लगेच उघडतो' असतं तर कोणाचं 'नाही म्हणता येत नाहीये, समजून घ्या' असतं. 'करून टाकू' मध्ये आपण सगळे आलो, म्हणजे कोणीच आलं नाही.

आम्ही मग दोन गोष्टी बदलल्या. विचारणाऱ्याने 'होईल ना?' असं विचारायचंच नाही, कारण त्या 'ना' मध्येच उत्तर कोंबलेलं असतं. त्याऐवजी 'यात काय अडू शकतं?' असं विचारायचं, मग भिडस्त माणूस पण तीन गोष्टी सांगतो कारण आता तो नकार देत नसतो, मदत करत असतो. आणि सांगणाऱ्याने वाक्यात माणूस, वस्तू आणि वेळ घालायची: 'मी पेमेंट स्क्रीन बुधवारी दुपारी चारपर्यंत देतो, मंगळवारी दुपारपर्यंत समोरून आलं नाही तर तुम्हाला फोन करतो.' सुरुवातीचे पंधरा दिवस हे बोलायला फार अवघड गेलं सगळ्यांना, पाठ केल्यासारखं वाटायचं, पण नंतर सवय झाली.

मीटिंगमध्ये काहीजण एक शब्द बोलत नाहीत आणि नंतर तक्रार करतात. काय करायचं?

आधी बघा की ते गप्प का आहेत. कारणं वेगवेगळी असतात आणि औषधं पण वेगळी.

काहींना विचार करायला वेळच लागतो. आमच्याकडे एक टेस्टर होती, मीटिंगमध्ये फक्त मान हलवायची, आणि रात्री पावणेदहाला तिचा मेसेज यायचा, त्यात डिझाइनमधल्या तीन चुका, तिन्ही बरोबर. तीन-चारदा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रॉब्लेम तिचा नाहीये, मी कागद मीटिंगमध्येच पहिल्यांदा दाखवते हा प्रॉब्लेम आहे. मग मी आदल्या दिवशी दुपारी कागद पाठवायला लागले आणि मीटिंगची पहिली पाच मिनिटं सगळे आपापल्या वहीत लिहितात, मग बोलतात. आता ती मीटिंगमध्येच सांगते.

काहीजण इंग्रजीमुळे गप्प असतात, आणि हे कोणी कबूल करत नाही. तालुक्याच्या कॉलेजातून आलेला मुलगा, कोडिंगमध्ये तरबेज, पण वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी स्पष्ट सांगते की आतल्या मीटिंगमध्ये मराठी, हिंदी, जे येईल ते बोला, लिहिताना इंग्रजीत लिहू, आणि पहिलं मराठी वाक्य मी स्वतः बोलते, नाहीतर त्याला कोणी हात घालत नाही. टीममध्ये तमिळ किंवा बंगाली कोणी असेल तर त्याला सोडून बोलायचं नाही एवढं सांभाळायचं.

आणि काहीजण घाबरतात. एमी एडमंडसन या संशोधिकेने हॉस्पिटलमधल्या टीम्स बघितल्या तेव्हा तिला आढळलं की चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आहेत. त्या जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तिथे लोक चूक उघड सांगू शकत होते म्हणून. तुमच्या टीममध्ये महिनाभरात कोणीच 'माझं चुकलं' म्हणालं नसेल तर खुश होऊ नका.

दर दहा मिनिटांनी कोणीतरी 'एक मिनिट आहे का?' विचारतं. मला एकाग्र व्हायचं असतं, कसं सांगू?

पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमर-लेखकाने २००९ साली याबद्दल छान लिहिलंय, बनवणाऱ्याचा दिवस अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांचा असतो आणि मॅनेजरचा दिवस एकेका तासाचा, त्यामुळे मॅनेजरने सकाळी अकराला ठेवलेली छोटी मीटिंग बनवणाऱ्याची अख्खी सकाळ खाते. आमच्याकडे अकरा ते एक कोणी कोणाला हाक मारत नाही, आग लागली असेल तर फोन. बाकी प्रश्न चारच्या चहाला. ज्यांना बोलल्याशिवाय सुचत नाही त्यांची पहिल्या आठवड्यात फार घुसमट झाली, त्यांच्यासाठी आम्ही खिडकीजवळची दोन टेबलं बोलत काम करणाऱ्यांची अशी वेगळी ठेवली.

सर वयाने मोठे आहेत, त्यांची पद्धत माझ्याशी जुळत नाही. त्यांना कसं सांगायचं?

ग्रुपवर नाही, मेलवर नाही, चारचौघांत तर मुळीच नाही. ते एकटे आणि निवांत असताना, आणि त्यांच्या चुकीबद्दल न बोलता आपल्या गरजेबद्दल बोलायचं. 'सर, तुम्ही तोंडी सांगता ते माझ्याकडून निसटतं, मी लगेच दोन ओळी लिहून तुम्हाला पाठवल्या आणि तुम्ही फक्त ठीक म्हणालात तर चालेल का?' आजपर्यंत याला नाही म्हणालेले एकच सर मला भेटलेत. बऱ्याच जुन्या माणसांना लिहायचा कंटाळा असतो पण वाचून दुरुस्त करायला आवडतं, तेवढं हेरलं की झालं. आणि त्यांची पण बाजू असते बरं का. जे सर दिवसातून तीनदा 'कुठवर आलं?' विचारतात त्यांना वरून तीनदा विचारलेलं असतं, तुम्हीच सकाळी एक ओळ आपणहून पाठवलीत तर विचारणं आपोआप कमी होतं.

एक आठवडाभर आधी संपवणारी आणि एक शेवटच्या रात्री करणारा, दोघं एकाच कामावर आहेत. रोज खटके उडतात.

दोघांना बदलायला जाऊ नका, मधे एक थांबा ठेवा. तारीख तीस असेल तर वीसला कच्चं काम दाखवायचं, अर्धवट, चुका असलेलं, चालेल. आधी संपवणारीचा जीव भांड्यात पडतो कारण तिला काहीतरी दिसतं, आणि शेवटच्या रात्रीवाल्याला एक छोटी 'शेवटची रात्र' आधीच मिळते, त्यामुळे तोही पेटतो.

आणि काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं ती जागा पक्की करा. मुंबईच्या डबेवाल्यांचं मला यासाठी फार कौतुक वाटतं. डबा घरून निघून ऑफिसला पोचेपर्यंत कितीतरी हातांतून जातो, कोणी सायकलवर, कोणी लोकलमध्ये, कोणी हातगाडीवर, प्रत्येकाची चालायची बोलायची पद्धत आपापली. पण झाकणावरच्या खुणा सगळ्यांना सारख्याच वाचता येतात, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. तुमच्या टीमचं झाकण कुठलं आणि त्यावर काय लिहायचं एवढं दोघांनी बसून ठरवा, त्या आधी कोण कसं काम करतो यात नाक खुपसू नका.

सगळे एकसारखेच असले तर सोपं नाही का पडणार?

वाटतं तसं. मेरेडिथ बेल्बिन नावाच्या इंग्रज संशोधकाने हेन्लीच्या मॅनेजमेंट कॉलेजात टीम्सना व्यवसायाचे खेळ खेळायला लावून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, त्यात सगळ्यात हुशार माणसांच्या मुद्दाम एकत्र केलेल्या टीम्स बऱ्याचदा मागे पडायच्या, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या कल्पनेतलं भोक शोधत बसायचा आणि कंटाळवाणी पण गरजेची कामं कोणीच करायचं नाही. आमच्या टीममध्ये कोणीतरी प्रत्येक फाइलला नाव नीट देतं म्हणून आमचं चालतं. अशा माणसाचं कौतुक अप्रेझलमध्ये येत नाही, ते तुम्ही मुद्दाम आणा.

घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत काय वेगळं?

इथे तऱ्हा आणि परिस्थिती यांची सरमिसळ होते. एक सहकारी रोज रात्री साडेनऊला लॉगिन करायची, सगळे म्हणायचे ती रात्रीची माणूस आहे. ती रात्रीची माणूस नव्हतीच, बाळ नऊला झोपायचं. सहा ते आठ या वेळात कितीतरी घरांत कुकर, अभ्यास, आई-बाबांची औषधं चालू असतं आणि बहुतेक वेळा ते बाईच करत असते, आणि नेमका तेव्हाच अमेरिकेचा कॉल असतो. आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहाचा, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ बदललं की इकडे घरचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. सगळ्यांनी रोज कॉलला यायलाच हवं का हे विचारा, आळीपाळीने दोघं आले तरी पुरतं. आणि रात्री अकराला मेसेज टाकणाऱ्याने 'उद्या बघा' एवढे दोन शब्द पुढे लिहावेत, निळी खूण दिसली म्हणून उत्तराची वाट बघू नये.

'माझी स्टाइलच अशी आहे' म्हणून कोणी सारखा उशीर करत राहिला तर?

तर ते चालवून घ्यायचं नाही. काम कसं करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, दिलेला शब्द पाळायचा की नाही हे तऱ्हेत येत नाही. ओरडणं, दुसऱ्याचं श्रेय घेणं, मुलींचं बोलणं मधेच तोडणं, हे पण नाही. 'तो तसाच आहे' म्हणून आपण फार सोडून देतो, आणि ज्याला ते सोसावं लागतं तो माणूस सहा महिन्यांत राजीनामा देतो.

आमच्या गणपती मंडळात हे चालेल का? तिथे पगारही नाही आणि बॉसही नाही.

चालेल, उलट तिथे जास्त लागतं. एकजण जूनपासून वर्गणीची वही आखतो, दुसरा आदल्या रात्री बारापर्यंत डेकोरेशन करतो, दोघांवाचून गणपती बसत नाही. फक्त तिथे आमच्यासारखी प्रत्येकाने आपल्या कामाच्या तऱ्हेबद्दल लिहायची शीटबिट नको, कार्यकर्त्यांच्या पहिल्या बैठकीतच 'कोणाला कधी वेळ आहे आणि कोणाला काय जिवावर येतं' एवढं एक विचारा.

तुम्ही शीट म्हणालात, ती नक्की काय असते?

एक पान, त्यावर पाच गोष्टी, आपल्या शब्दात: माझं डोकं कधी चालतं, मला काम कसं सांगितलेलं आवडतं, मी अडलोय हे कसं ओळखायचं, माझी चूक मला कशी सांगायची, आणि माझ्या कुठल्या सवयीचा लोकांना त्रास होतो. शेवटची ओळ सगळ्यात कामाची. त्या 'होईल मॅम' वाल्या मुलाने लिहिलं होतं, 'मी अडलो की एकदम शांत होतो आणि सारखा डेस्क आवरतो. तेव्हा येऊन विचारा.' त्यानंतर त्याचं डेस्क आवरलेलं दिसलं की कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसायचं. लीडने आपली शीट सगळ्यात आधी लिहायची आणि सगळ्यांना वाचायला द्यायची, नाहीतर बाकीचे 'मी मेहनती आहे' असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. एचआरकडे ती जाणार नाही हे आधीच सांगा, आणि खरंच जाऊ देऊ नका.

फरक कधी दिसतो?

ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली टीमचे टप्पे सांगितले होते, त्यात जमवाजमवीनंतर लगेच वादळाचा टप्पा येतो, काम सुरळीत चालायचं ते त्याच्याही नंतर. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात भांडण झालं तर बिघडलं असं समजू नका. आमच्याकडे साधारण दोन रिलीजनंतर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या बाहेर पडल्यावर, फरक दिसायला लागतो. कोणी नवीन आलं की परत थोडं मागे जायला होतं, तेव्हा नवीन माणसाला सगळ्यांच्या शीट पहिल्याच दिवशी द्या.

एकदा लिहिलेली शीट बदलायची का?

हो तर. माणसं बदलतात, घरं बदलतात, वय होतं. आम्ही जानेवारीत एकदा आणि कोणी मोठ्या रजेवरून परत आलं की एकदा बघतो. आमची ती टेस्टर बाळंतपणाच्या रजेवरून आली तेव्हा तिच्या शीटवर 'मेसेज रात्री कधीही चालेल' असं होतं, ते तिने खोडलं आणि खाली लिहिलं, 'रात्री नऊनंतर नको. सकाळी सहाला मी जागीच असते, तेव्हा टाका.'